पिकअपचं पहिलं रूप

कोल्हापूरच्या धातुस्मृती प्रयोगशाळेच्या दारात जयसिंग मगदूमनं पिकअप उभी केली आणि शेजारी बसलेल्या वडिलांना म्हणाला, "अण्णा, तुम्ही कँटीनमध्ये चहा घ्या. नुसती सर्व्हिसिंग आहे."

हे खोटं होतं. जुन्या गाड्यांच्या एका संग्रहालयानं अट घातली होती: कंपनी ओळखा, गाडी मूळ रूपात आणा, मग ठेवून घेऊ. अण्णा आयुष्यभर सांगत आले की गाडी अमेरिकन आहे. पण नाक एका बाजूला गेलेली, एक दिवा वर आणि एक खाली असलेली ही गाडी जगातल्या कुठल्याच कॅटलॉगात सापडत नव्हती. गेल्या दिवाळीत जयसिंग सगळ्या पाहुण्यांदेखत म्हणाला होता, "पुरे झाल्या थापा!" तेव्हापासून अण्णा गाडीबद्दल चकार शब्द बोलले नव्हते. त्यांचं म्हणणं खरं ठरवायचं आणि माफी मागायची, एवढ्यासाठी हा खटाटोप.

अण्णा कँटीनकडं गेल्यावर त्यानं गाडी आत यंत्राखाली नेली. प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. मृणाल केळवकर तिथंच उभ्या होत्या. "पत्रा थंड असताना वाकवला की आतल्या कणांच्या रांगा सरकतात. आमचं पूर्वरूपण यंत्र त्या रांगा वाचतं आणि उलट सरकवत नेतं. पार पहिल्या आकारापर्यंत."

"बरोबर. वितळवल्याशिवाय लोखंड काही विसरत नाही," जयसिंग म्हणाला. त्यानं फौंड्रीत तीस वर्षं काढली होती. "पण मागं नेलेलं परत पुढं आणता येतं का?"

"नाही. मागं जाताना पुढचं पुसलं जातं."

पडद्यावर निष्कर्ष उमटला. पत्र्याला दोनच आकार आठवत होते, आत्ताचा आणि त्याच्या आधीचा. मध्ये हातोडीचे चौदा हजार दोनशे बारा घाव.

"चौदा हजार?" केळवकरांनी चष्मा वर केला.

"आमचे अण्णा गाडी चालवायचे कमी, धडकवायचे जास्त. डेंटरनं ठोकून ठोकून सरळ केली असणार."

"म्हणजे आधीचा आकार कंपनीचा."

"दुसरा कुणाचा असणार? दाबा बटण."

पिकअप आधी शहारली. मग बॉनेट गुंडाळायला लागलं. दारं एकमेकांना जाऊन चिकटली, टपानं गोल गिरकी घेतली, चौकटीच्या पट्ट्या सरळ होऊन खणकन पडल्या आणि इंजिन धपकन फरशीवर बसलं. धूळ खाली बसली तेव्हा समोर आठ पिंपं उभी होती. प्रत्येकाच्या पोटावर ठसठशीत अक्षरं उठली होती: 'सरकारी डांबर. विक्रीसाठी नाही.'

"यंत्र चुकलं," जयसिंग म्हणाला.

"यंत्र चुकलेलं नाही," केळवकर हळूच म्हणाल्या. "कंपनी नव्हतीच, जयसिंगराव. ते घाव दुरुस्तीचे नव्हते. ते घाव म्हणजेच गाडी होती."

आवाज ऐकून अण्णा आत आले. त्यांनी पिंपं मोजली. "आठच? हां. नवव्यात तुझी आई ज्वारी ठेवायची."

"अण्णा, तुम्ही बनवली होती? मग अमेरिकन का म्हणालात?"

"सरकारी पिंपं होती रे, खरं बोलून जेलात जेवायचं होतं व्हय?" अण्णांनी एका पिंपावरून हात फिरवला. "आणि तू लई तोऱ्याचा. कंपनी विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या सायकलवर बसायचा नाहीस. बापानं ठोकलेल्या गाडीतनं शाळेपुढं उतरला असतास?"

जयसिंगला खोटं बोलावंसं वाटलं, पण जमलं नाही. "नसतो उतरलो."

"मग?"

"पुन्हा बनवू या, अण्णा. तुम्ही सांगा, मी ठोकतो. नाक तसंच, दिवे तसेच."

"काय सांगू? कागदावर काय काढलं नव्हतं. जिथं हात चुकेल तिथं वळत गेली. आता त्या चुका कुठनं आठवायच्या?" अण्णांनी खांद्यावरच्या टॉवेलनं पिंपावरची धूळ पुसली, उगाचच. "चल, घरी जाऊ."

जयसिंगनं खिशातून किल्ली काढली, दोन पावलं दाराकडं टाकली, आणि तिथंच थांबला.