वाचनखूण पुढे, पानं बंद!

"उद्या तलावावर जायचं! पुढची सीट माझी!" वकील ओरडला. मधला भाऊ प्रत्येक गोष्टीची उलटतपासणी घ्यायचा, म्हणून घरात त्याचं हेच नाव पडलं होतं.

"गाडी आजोबाच चालवणार ना?" धाकट्या टिल्लीने विचारलं.

"मग काय! घाटाची सगळी वळणं त्यांना पाठ आहेत!"

ताईचं लक्ष मात्र दुसरीकडेच होतं. तिच्या हातात आजोबांची नवी कादंबरी होती. "इकडे या. वाचनखूण पार शेवटाशी आलीय. आणि ही मधली पानं बघा!"

पानं कडेला एकमेकांना जोडलेलीच होती. छापखान्यात कापायची राहून गेलेली!

"उघडतच नाहीत, तर आजोबांनी वाचली कशी?" वकिलाने मुद्दा काढला.

"वाचलीच नाहीत! नुसती खूण पुढे सरकवतात. मला वाटतं, त्यांना नीट दिसतच नाहीये."

तिघंही काकांकडे धावली. घाटातली वळणं, आणि चालवणाऱ्याला दिसत नाही!

काका अंगणात गाडी पुसत होते. त्यांनी सगळं हसण्यावारी नेलं. "अरे, तुमचे आजोबा मुद्रितशोधक होते! छापलेल्या पानातली एवढीशी चूक त्यांच्या नजरेतून सुटायची नाही. पळा, बॅगा भरा!"

मोठ्यांचं हे असंच असतं. एकदा एखाद्याची नजर तीक्ष्ण ठरवली, की पुन्हा तपासायचं म्हणून नाही!

"पुरावा लागणार," वकील म्हणाला.

संध्याकाळी चहा घेत आजोबा संगणकावर वर्तमानपत्र उघडायचे. वरच्या पट्टीवरचा पहिला बुकमार्क वर्तमानपत्राचा. दुसरा टिल्लीचा, सशांना काय खायला घालावं याचा. ताईने दोन्हींच्या जागा बदलल्या आणि वकिलाने काकांना ओढत आणून दाराशी उभं केलं.

आजोबांनी सवयीने पहिल्या जागी टिचकी मारली. पडद्यावर सशांच्या खाद्याची लांबलचक माहिती आली.

"आजोबा, अग्रलेख वाचून दाखवा ना!" टिल्ली म्हणाली.

आजोबांनी घसा खाकरला. "हं... 'रस्त्यांची दुर्दशा झाली आहे, नगरपालिकेने आता तरी जागं व्हावं...' वा! काय झणझणीत लिहिलंय!"

टिल्लीला हसू फुटलं, पण ताईचे डोळे भरून आले. दारातल्या काकांचा चेहरा खर्रकन उतरला.

"बाबा," ते जवळ येत म्हणाले, "इथे सशाला गाजर किती द्यावं, ते लिहिलंय."

आजोबांनी चहाचा कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "सगळं धुरकट दिसतंय रे. डॉक्टर म्हणतील, नजर आता कायमची गेली. या भीतीने दवाखान्यात गेलोच नाही."

"आणि उद्याची गाडी?" काकांनी विचारलं.

"रस्ता पाठ आहे ना!"

"समोरून येणारा ट्रकसुद्धा पाठ असतो का, आजोबा?" वकिलाने विचारलं. आजोबांनी खिशातली गाडीची किल्ली काढून काकांच्या हातात ठेवली.

तलाव राहिला बाजूला! सकाळी सगळे डोळ्यांच्या दवाखान्यात.

"दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे," तपासून झाल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या. "शस्त्रक्रिया केली की पुन्हा छान वाचाल. पण आज घाटात गाडी नेली असतीत, तर हाडांच्या डॉक्टरांकडेच जावं लागलं असतं!"

"पुन्हा वाचेन?" आजोबांनी दोनदा विचारलं आणि केवढा तरी मोठा सुस्कारा सोडला.

काकांनी आपलेच कान पकडले. "तुमचं ऐकून घ्यायला हवं होतं मी. शाबास रे पोरांनो! आज तुम्ही सगळ्यांनाच वाचवलंत!"

परतताना काका गाडी चालवत होते. आजोबा मागे, मुलांच्या मधोमध अंग चोरून बसले होते. त्यांनी टिल्लीचा हात घट्ट धरला आणि म्हणाले, "मला काही दिसत नाहीये. बाहेर काय काय आहे, सांगा बघू!"

तिघंही एकदमच बोलू लागली.