योगीराजचं पान

येळवशीच्या अमावास्येला भालकीकडच्या आमच्या मेहकरात म्हातारंकोतारंसुद्धा घरी राहत न्हाई. सगळं गाव शेतात. कडब्याची कोपी, म्हंजे खोपटं, करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, शेंगदाणे घातलेली पालेभाजीची भज्जी अन् बाजरीचे उंडे खायचे, अन् आंबील शिंपडत शेताला फेरी मारायची. मी भालकीला एका दवाखान्यात ड्रेसिंग करते. रक्ताला भीत न्हाई, भुताला तर न्हाईच न्हाई.

आमच्यात जित्याचं पान कोपीच्या आत वाढतात, मेलेल्याचं बाहेर. माझा भाऊ योगीराज बोअरच्या गाडीवर कामाला गेला, तो परत आलाच न्हाई. फोन बंद. मेल्यापरीस हरवलेलं माणूस लई छळतं बघा. माय दर साली त्याचं पान आत वाढायची, आपल्या उंड्यातला अर्धा मोडून त्याला घालायची, अन् सांजच्याला ते पान तसंच गाईपुढं टाकायची. माझं काळीज तुटायचं.

गेल्या साली मी चिडलेच. म्हणलं, किती वाट बघायलीस, त्याला सुटू दे अन् तू बी सूट. मायनं त्याचं पान उचललं, बाहेर ठेवलं अन् पदरात तोंड घालून रडली. मी बी रडले.

मग आमची दोघींची पानं आत वाढून ठेवली अन् जेवायच्या आधी फेरीला निघालो. ऊन चांगलं वर आलं होतं, हरभरा फुलात होता, तुरीच्या शेंगा वाऱ्यानं वाजायल्या होत्या. माय पुढं आंबील शिंपडत "ओलगे ओलगे" म्हणायची, मी मागून येळवशीच्या हाळीला साथ द्यायची, "सालम पोलगे". तुरीपाशी वळलो तर माझ्या मागून अजून एक आवाज आला. गडीमाणसाचा, जरा उशिरानं. मला वाटलं, शेजारचा संगमेश्वर अण्णा चेष्टा करायलाय. पण अण्णा तर ओढ्यापल्याड आपल्या कोपीत जेवायला बसला होता, मला दिसत होता.

माय थांबली न्हाई. हळूच म्हणाली, "मागं बघू नगंस तुळजा. येऊ दे त्याला."

मी बघितलं न्हाई. 

कोपीशी आलो. बाहेरचं पान जसंच्या तसं. आत मायचं पान उष्टं झालेलं. भज्जीतले शेंगदाणे निवडून कडेला ओळीनं लावलेले. ही खोड योगीराजची. त्यापायी लहानपणी मार खाल्लाय त्यानं.

"माझं लेकरू जेवलं," माय म्हणाली, अन् त्याच पानावर बसली. मेलेल्याचं उष्टं जित्यानं खाऊ न्हाई म्हणतात; मी हात धरला, तिनं झटकला. राहिलेलं सगळं खाल्लं तिनं. इतकी खुशीत मी तिला कैक सालात बघितली नव्हती.

पाडव्याच्या आधीच माय गेली. झोपेत. डॉक्टर म्हणाले, हार्ट. मी बी लोकांना तेच सांगते.

आज येळवस. स्वयंपाक एकटीनंच केला. दोन पानं बाहेर वाढली, माझं एक आत. फेरीला मीच पुढं, मागून साथ द्यायला कुणी न्हाई. तुरीपाशी आले, "ओलगे ओलगे" म्हणलं अन् गप उभी राहिले.

मागून उत्तर आलं.

दोघांचं.

मी बघितलं न्हाई.

बाहेरची पानं जशीच्या तशी हायत. माझ्या पानाच्या कडेला शेंगदाण्यांची ओळ. अन् उंडा मी अख्खा वाढला होता, तो अर्धाच हाय.

घरी जाऊन कुणाशी बोलू? मायची लई याद यायलीय.

हात धुऊन पानावर बसलेय.