दिपालीचा स्वेटर

दिपालीनं जाताना स्वेटर घरीच ठेवला. "तिकडं वाळवंट आहे, कशाला लागतोय," असं म्हणत तिनं तो मायच्या खोलीतल्या खुंटीला अडकवला आणि बॅगेची चेन ओढली. करड्या रंगाचा, पुढून बटणांचा साधा स्वेटर. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना तिनं तो हिंगोलीच्या बाजारात घेतला होता. दवाखान्यातल्या रात्रपाळीला तोच घालायची.

मी तिचा मोठा भाऊ, वैजनाथ. हिंगोलीतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. आमची माय, सुभद्राबाई, सिद्धेश्वर धरणाखालच्या गावात राहते. वडील गेल्यावर मी तिला शहरात चल म्हणून पुष्कळदा म्हणालो, पण हळदीचं रान आणि दोन म्हशी सोडून ती आली नाही.

दिपालीला आखातातल्या एका दवाखान्यात नोकरी लागली. मुंबईला विमानतळावर सोडायला मीच गेलो होतो. काचेपलीकडून तिनं हात हलवला आणि रांगेत मिसळून गेली.

ते विमान समुद्रावर गेलं आणि रडारवरून नाहीसं झालं. जहाजं फिरली, हेलिकॉप्टरं फिरली. ना एखादा तुकडा सापडला, ना पाण्यावर तेलाचा तवंग.

सापडलं काहीच नाही, म्हणून लोक बोलायला लागले. टीव्हीवर, मोबाईलवर, एसटीत, कटिंगच्या दुकानात. सुरुवातीला सगळे एकच म्हणत होते, समुद्रात बुडालं असणार.

त्याच आठवड्यात मायचा फोन आला. दिपालीला ती 'बाई' म्हणायची. "वैजू, बाईचा स्वेटर वला झालाय रे."

मी गावी गेलो. वैशाखाचे दिवस. पत्रे तापून तडतडत होते, कालवासुद्धा कोरडा पडला होता. खुंटीवरचा स्वेटर मात्र जड होऊन लोंबत होता. खाली शहाबादी फरशीवर थेंब पडत होते. मी बाही पिळली आणि बोट जिभेला लावलं. खारट.

"म्याच रडले असंल त्याच्यात तोंड घालून," माय म्हणाली.

मी मान हलवली. पण ते पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेलं. गावच्या बोअरचं पाणीही सोबत नेलं. सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले, तेव्हा बोअरचं पाणी जरासं गढूळलं. स्वेटरच्या पाण्यात दूध फाटल्यासारखा पांढरा साका झाला. एवढं मीठ रडण्यात नसतं. मी परीक्षानळी धुऊन ठेवली आणि कुणाला काही बोललो नाही.

मग एका वाहिनीनं विमानाला आग लागल्याचं चलचित्र दाखवलं. कार्टूनसारखं होतं ते, लाल-पिवळ्या ज्वाळांचं. संध्याकाळी मायनं फोन करून मला बोलावून घेतलं. मी गेलो तर खोलीत लोकर जळाल्याचा वास भरला होता. स्वेटरची डावी बाही मनगटाजवळ करपली होती.

तो मी हिंगोलीला आणला, प्रयोगशाळेच्या लोखंडी कपाटात ठेवला आणि किल्ली खिशात टाकली. दोन-चार दिवसांनी मुन्नानं त्याच्या मोबाईल चॅनलवर कुणा तज्ज्ञाची मुलाखत लावली. मुन्ना म्हणजे आमच्या हिंगोलीतला बातम्यावाला, त्याला गावोगावचे लोक बघतात. तज्ज्ञ म्हणाला, उंचावर विमानातली हवा गेली असेल, सगळे गारठून झोपेतच गेले असतील. मी मधल्या सुटीत कपाट उघडलं. स्वेटर पापडासारखा ताठ झाला होता. बटणांवर पांढरं हिव जमलं होतं. पंखा गरम हवा फेकत होता आणि माझी बोटं बधिर झाली होती.

मी तो परत मायकडं नेला. तिनं तो पदराखाली घेतला, लेकराला घ्यावं तसा.

"लोकायला सांग बाबा," ती म्हणाली, "बोलू नका म्हणाव. एकडाव बुडवायले, एकडाव जाळायले. माह्या लेकराला एकाच मरणानं मरू द्या."

मी मुन्नाकडं गेलो. स्वेटरचं सांगितलं नाही, फक्त माय आजारी पडली म्हणालो. पोरगा चांगला आहे. त्यानं माझ्यासमोरच मुलाखत काढून टाकली. "पर सर," तो म्हणाला, "म्या काढून काय व्हतंय? सगळा मुलूख बोलून राहिला."

मुलूख बोलत राहिला. कुणी म्हणालं, पळवून नेलं. कुणी म्हणालं, वैमानिकानंच मुद्दाम पाण्यात घातलं. स्वेटरची बटणं तुटली, पुन्हा आपोआप होती तशी झाली. तो कधी भिजला, कधी वाळला. माय रोज त्याला अंगाशी घेऊन बसायची. जेवण निम्म्यावर आलं.

मग निवडणूक आली. नंतर क्रिकेट आलं. विमान मागं पडलं. प्रवाशांच्या नातेवाइकांचा मोबाईलवर एक ग्रुप होता, सुरुवातीला दिवसभर वाजायचा. तोसुद्धा गप्प झाला.

स्वेटर कोरडा झाला. करपलेली बाही नीट झाली. मला वाटलं, सुटलो.

पण माय आणखीच खचली. मी गेलो की ती स्वेटर माझ्या नाकाशी धरायची. "वास घे. काईच येत न्हाई. आधी तकलीफ व्हती, पर ती व्हती. आता नुसती लोकर हाय रे."

पावसाळा सरला त्या सुमाराला मला वारंगा फाट्यावरून फोन आला. हरिचंद म्हणून माझा जुना विद्यार्थी, त्याचं तिथं हायवेला हॉटेल आहे. "सर, तुमच्या माय इथं येऊन बसल्यात. काल बी आल्या व्हत्या. गिऱ्हाइकायला काईबाई विचारून राहिल्या. तुमी या."

गावापासून फाट्याला यायचं तर दोन गाड्या बदलाव्या लागतात. मी मोटरसायकल काढली.

भर दुपार होती. हॉटेलच्या मांडवाखाली माय बाकड्यावर बसली होती, मांडीवर स्वेटर. समोर एक ट्रकवाला वडापाव खात होता.

"भाऊ," माय त्याला विचारत होती, "ते इमान गेलतं बघा, सापडलंच न्हाई. त्याचं काय झालं असंल, तुमाला काय वाटतं?"

"कौनसा विमान, अम्मा?" तो म्हणाला.

मायनं मान खाली घातली. मग शेजारच्या बाकाकडं वळली. तिथं एक जोडपं होतं. त्यांनी तिला भिकारीण समजून हात हलवला.

मी तिच्याजवळ जाऊन बसलो. हरिचंदनं न विचारता चहा ठेवला. मायनं तो माझ्याकडं सरकवला.

"कुणालाच याद न्हाई, वैजू."

"चल घरी."

"तू मास्तर हाईस. एवढे लोक बोलले, तू एक शबुद बोलला न्हाईस. काहून?"

मला काय वाटत होतं ते मला माहीत होतं. इंधन किती वेळ पुरतं, समुद्र तिथं किती खोल आहे, सगळं मी वाचलं होतं.

"सांग की," ती म्हणाली. "तुला काय वाटतं?"

हायवेवरून ट्रक जात होते. मी त्यांच्याकडं बघत म्हणालो, "उतरलं, माय."

"कुठं?"

"पाण्यावर. अलगद. जवळ एक बेट होतं. तिथले मासेमार नावा घेऊन आले."

"अन् बाई?"

"तिला काही झालं नाही. म्हाताऱ्या माणसांच्या जखमा बांधतेय. एकजण हात हलवायला लागला तर खेकसली त्याच्यावर."

माय हसली. किती महिन्यांनी. "तशीच हाय ती. सगळेच वाचले?"

"सगळे. कॅप्टन शेवटपर्यंत आत राहिला. एकेकाला त्यानं बाहेर दिलं. मग विमान बुडालं."

"भला माणूस," माय म्हणाली.

तिनं माझा हात धरला आणि स्वेटरवर ठेवला.

तो गरम होता. उन्हानं तापतो तसा नाही. अंगातून नुकताच काढावा तसा, काखेत जास्त, बाह्यांना कमी. डेटॉलचा वास येत होता, आणि तिच्या केसांच्या तेलाचा.

मी हात काढला नाही. हरिचंद गल्ल्यावरून आमच्याकडं बघत होता. मग त्यानं मान वळवली.

त्या दिवशी माय पोटभर जेवली. मी गावीच राहिलो.

सकाळी म्हशीची धार काढून ती आत आली तेव्हा मी ओट्यावर मोबाईल बघत होतो. तो गप्प पडलेला ग्रुप भरून गेला होता.

पहिला निरोप लातूरकडच्या बेबीबाईंचा होता, त्यांचा मुलगा त्या विमानात होता. "कुणाला हसू येईल, पण सांगते. काल दुपारपासून पोराचा सदरा गरम लागतोय." त्याखाली बराच वेळ काही नव्हतं. मग एकानं लिहिलं, "आमच्या वडिलांची टोपीपण." मग आणखी एकानं. मग सगळ्यांनी. इतके महिने कुणीच कुणाला सांगितलं नव्हतं.

मी मायला वाचून दाखवत होतो. ती डोळ्यांना पदर लावून ऐकत होती.

सगळ्यात खाली एक निरोप आला. नाव मंजुषा. ओळखायला मला जरा वेळ लागला. त्या कॅप्टनच्या पत्नी.

तो मी मायला वाचून दाखवला नाही.

"काल दुपारपासून यांचा कोट निथळतोय. सारखा पिळतेय, पाणी संपत नाही. यांना कुणी बाहेर काढलं नाही का?"