लहान डबा एक

कांदा ओट्यावरून सुटला, टप्प करून फरशीवर पडला आणि गडगडत थेट पूर्वेच्या भिंतीला जाऊन टेकला. नवव्या मजल्यावरच्या त्या बंद घरात सकाळपासूनचा तो पहिलाच आवाज. लुसिमारानं वळूनही पाहिलं नाही. काही पडलं की ते त्या भिंतीशीच सापडतं, हे तिला तीन वर्षांत पाठ झालं होतं.

सांतोस शहराच्या किनाऱ्यावरच्या जुन्या इमारती मऊ वाळूत एका अंगानं खचल्यात, त्यातलीच ही एक. खालचे पहारेकरी वाल्दोमिरोकाका म्हणायचे, "आमची म्हातारी शेजारणीच्या भानगडी ऐकायला कान लावून उभी आहे." लुसिमारा पातेल्याखाली एका बाजूनं घडी केलेलं फडकं सारायची, म्हणजे तेल एकाच कडेला गोळा होत नसे. पण फ्रीझरमध्ये फडकं कुठं लावणार? तिथे घेवडा त्या इमारतीसारखाच तिरपा गोठायचा. प्रत्येक डब्यात पूर्वेची कड एका दाण्यानं उंच.

दर दुसऱ्या मंगळवारी ती खाडीपलीकडून होडीनं यायची आणि पंधरा दिवसांचं जेवण रांधून, गार करून, डब्यांत भरून फ्रीझरमध्ये लावून जायची. वर बोटभर जागा सोडायची, कारण गोठताना रस्सा फुगतो. बटाटा घालायचा नाही, तो भुसभुशीत होतो. मग झाकणावर पट्टी, पट्टीवर पदार्थ आणि तारीख. घरची मालकीण एलोइझाबाई बंदरावर इंजिनियर, नवरा डॉक्टर, दोन मुलगे कॉलेजात. चौघांना एकत्र जेवताना लुसिमारानं कधी पाहिलं नव्हतं. ती यायची तेव्हा फ्रीजच्या दारावर यादी असायची आणि टेबलावर धुतलेले काचेचे डबे.

मार्चमध्ये यादीच्या तळाशी एक ओळ वाढली.

लहान डबा एक. घेवडा. गाजर किसून, दिसू नये असं. कांदा नको.

वाचून तिला आधी हसूच आलं. तिची माईरा पाच वर्षांची होती आणि अगदी असाच घेवडा खायची. कांदा दिसला की ताट सरकवायची. म्हणजे अशी पोरं इकडे श्रीमंतांच्या घरीही असतात तर. पाहुणे येणार असतील, असं म्हणून तिनं लहान डबा भरला. पुढच्या खेपेला तो धुऊन उपडा घातलेला होता, आणि ओळ पुन्हा यादीत होती. आता दोन डबे. मग चार.

मे महिन्यात तिनं फोनवर विचारलं, की घरात लहान मूल आलंय का. एलोइझाबाई मीटिंगमध्ये होत्या. संध्याकाळी त्यांचं उत्तर आलं. ती ओळ त्यांनी लिहिलेली नव्हती. लुसिमाराच आपल्या मुलीसाठी डबा नेते आणि विसरू नये म्हणून लिहून ठेवते, असं त्या धरून चालल्या होत्या. ने की, त्यात काय एवढं, असंही त्यांनी लिहिलं होतं.

लुसिमारानं एक घासही कधी नेला नव्हता.

घरी वेगळाच घोर होता. नवरा उत्तरेकडे धरणाच्या कामावर, त्यामुळे माईरा दिवसभर तिच्या आजीपाशी, म्हणजे लुसिमाराच्या सासूबाई झुलेदेबाईंपाशी, असायची. आणि माईरा जेवेनाशी झाली होती. दुपारी नाही, रात्री नाही. आजारी म्हणावी तर गाल भरलेले, जुना फ्रॉक दंडात घट्ट झालेला.

सासूबाई टीव्हीवरून नजर न काढता म्हणायच्या, "लोकांच्या पोरांना पोटभर घालून येतेस, आणि आपलीला विचारतेस का जेवत नाही म्हणून. वारा खाऊन वाढतेय बहुतेक." त्या स्वतः दुपारी खुर्चीत डुलकी काढायच्या. त्या वेळात पोरगी मागच्या अंगणात एकटी असायची.

एका संध्याकाळी लुसिमारा माईराचं तोंड पुसत होती. फडक्याला नारिंगी कण लागला. शिजलेल्या गाजराचा.

"काय खाल्लंस गं?"

"घेवडा."

"आजीनं दिला?"

माईरानं मान हलवली. नाही. मग मोठ्या माणसासारखी गंभीर होऊन म्हणाली, "त्यात गाजर असतं. लपवलेलं. मला कळतं."

"मग दिला कोणी?"

माईरानं आईकडे पाहिलं आणि खुदकन हसली. आई थट्टा करतेय, असं वाटून.

त्या रात्री लुसिमारानं अंगणाच्या दाराला नवी कडी लावली. पुढच्या मंगळवारी यादीतल्या त्या ओळीवर काळ्या पेननं दोनदा रेघ मारली आणि लहान डबा भरला नाही. फ्रीझर स्वतः पुसला, स्वतः लावला, चाव्या वाल्दोमिरोकाकांच्या हातात दिल्या. माझ्याखेरीज वर कोणी आलं तर सांगा, असं बजावलं. ते म्हणाले, "घरचे चौघंच वर जात नाहीत धड, आणखी कोण जाणार?"

पंधरा दिवसांनी तिनं फ्रीझर उघडला.

काचेच्या डब्यांच्या पुढे आइस्क्रीमचे सहा जुने डबे होते, धुऊन घेवड्यानं भरलेले. या घरात आइस्क्रीमच्या डब्यात घेवडा कोणी ठेवत नाही. ती रीत तिच्या घरची, तिच्या गल्लीची. प्रत्येक झाकणावर पट्टी होती. पट्टीवर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: माईरा.

तिनं एक झाकण काढलं. वर बोटभर जागा सोडलेली. घेवडा सपाट गोठलेला.

तिनं शेजारचा काचेचा डबा काढून जवळ धरला. तो तिरपा होता, नेहमीसारखा. मग ओट्यावर बशीत पाणी ओतून पाहिलं. पाणी पूर्वेच्या कडेला जाऊन थांबलं. म्हणजे इमारत जागच्या जागी होती. हे सहा डबे कुठल्यातरी सपाट जमिनीवरच्या घरात गोठले होते. तिच्या घरासारख्या.

एलोइझाबाईंना फोन करावा, वाल्दोमिरोकाकांना वर बोलवावं, चावी ठेवून निघून जावं, हे सगळं तिच्या मनात आलं असतं. पण त्याआधीच तिला राग आला. पाच वर्षं दुसऱ्यांच्या घरी रांधत ती पोरीसाठी चटके खात होती, आणि कोणीतरी तिच्या अक्षरात, तिच्या डब्यात, तिच्या वाट्याचा घास उचलून नेत होतं.

तिनं सहाही डबे मोठ्या पातेल्यात उलटे केले आणि गॅस मोठा केला.

"ऐक," ती रिकाम्या स्वयंपाकघराला म्हणाली, "माझ्या पोरीला मी भरवणार. उशीर झाला तरी मीच."

मग पातेल्याशी उभी राहून खाऊ लागली.

चव तिच्या हाताची होती. तमालपत्र एक, लसूण ठेचलेला, मीठ तेवढंच. फक्त गाजर इतकं बारीक किसलेलं होतं, की जिभेलाही सापडत नव्हतं. तसं किसायला निवांत अर्धा तास लागतो. तिला तो कधी मिळाला नव्हता. डोळे भरले. तरी तिनं घास गिळला आणि पुढचा चमचा भरला.

दीड वाजता फ्रीझरची घरघर थांबली.

मागचं झुलतं दार हललं, आतल्या बाजूला. खिडक्या बंद होत्या.

पायाशी गारवा आला. पाठीमागे कोणीतरी वाट पाहत उभं असावं, तसं वाटलं.

ती वळली नाही. पोटाला तडस लागली तरी खात राहिली.

पातेल्याचा तळ खरवडला. दार पुन्हा हललं, बाहेरच्या बाजूला. घरघर सुरू झाली.

तिनं आइस्क्रीमचे डबे धुऊन उपडे घातले. पाचच होते. ओट्याखाली पाहिलं, पूर्वेच्या भिंतीशी पाहिलं. सहावा नव्हता. मग फ्रीजच्या दारावरची यादी काढली. तळाची ओळ आज नव्हतीच.

परतीच्या होडीत ती ताठ बसली होती. पोट फुगलेलं, तोंडावर वारा. कुस्ती मारून आल्यासारखं तिला वाटत होतं.

घरी माईरा दारातच उभी. "आई, भूक लागली." दोन महिन्यांत पहिल्यांदा. लुसिमारानं पर्ससुद्धा खांद्यावरून काढली नाही. भात गरम केला, त्यावर घेवडा, वर अंडं. गाजर होतं ते जाड किसलेलं, सरळ दिसत होतं. माईरानं तेही खाल्लं. लुसिमारा चमच्यानं भरवत होती, आणि माईरा, एवढी मोठी झाली तरी, भरवून घेत होती. सासूबाई दारातून म्हणाल्या, "आता वाऱ्यानं पोट भरत नाही वाटतं," आणि जाता जाता स्वतःहून तिच्या ताटात आणखी एक अंडं टाकून गेल्या.

दुसऱ्या वाढपानंतर माईरा आईच्या मांडीवर रेलली. लुसिमारानं तिच्या केसांत नाक खुपसलं. आपली पोर, आपला घास. कोणाची टाप होती?

"आई," माईरा चमच्याशी खेळत म्हणाली.

"काय गं?"

"दुपारी तू अंगणात आलीस ना, तेव्हा डबा रिकामा का होता? आणि तू एवढी का रडत होतीस?"