हात हलवेपर्यंत

गोपाळ, इंजिनिअरिंगचं गणित जड जातंय म्हणून शिकवणीला माणूस शोधतोयस म्हणे. शोध बाबा. आपल्या निपाणीत तंबाखूची पारख करणारे ढीगभर मिळतील, पण तुझ्या त्या विषयांचा जाणकार बेळगावलाच गाठावा लागेल. मिळाला की त्यानं सांगितलेलं पुरतं ऐक, अर्धं नको. हसतोस काय? अर्धं ऐकणाऱ्याचं काय झालं ते मला माहीत आहे. तो कंदील जरा आत घ्या रे पोरांनो. आणि दाराकडं पाठ करून कोण बसलंय? सरक इकडं.

बेळगावजवळच्या काकतीचा नागोजी. माझा मावसभाऊ मष्णू आणि तो जोडीनं वाढले, म्हणून ही हकीगत मला कळली. नागोजी हुशार. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात गेलेला त्यांच्या घरातला पहिलाच. बाप लहानपणीच वारला. आई गुणाबाई भाऊबंदांचे टोमणे ऐकत स्वतः बैलांमागं चालली, पण पोराला शेतात अडकवलं नाही. आणि हा पठ्ठ्या मोजणीच्या परीक्षेत गचकला! पुस्तक तोंडपाठ, पण दुर्बीण हातात आली की घाम फुटायचा. कॉलेजनं कळवलं, ऑक्टोबरात पुन्हा बसा, या वेळी नापास झालात तर नाव कमी करू. भाऊबंद टपूनच बसले होते.

सुट्टीत नागोजी शिकवणी शोधत बेळगावभर हिंडला. शेवटी एका वकिलानं नाव सांगितलं, चिंतामणराव. बंधारे-कालव्यांच्या कामावर जन्म गेलेले, पेन्शनीतले इंजिनिअर. अनगोळ रस्त्याला राहायचे. शिकवणी कुणालाच देत नसत. गुणाबाई पोराला घेऊन गेली आणि त्यांच्या अंगणात बसली ती उठेचना.

"साहेब, माझ्या लेकराचं कालेजातनं नाव काढत्यात वो. तुमी न्हाय म्हनलासा तर मी कुनाच्या दारात जाऊ?"

दगडाला पाझर फुटला. चिंतामणरावांनी शिकवायला घेतलं आणि शिकवलंही जीव लावून. मात्र उन्हं कलली की घरात जायचे आणि दार लावून घ्यायचे.

मोजणीचं काम कसं असतं ते तुम्हा बाकीच्यांना सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तीन पायांवर दुर्बीण उभी करायची. लांबवर एक माणूस आकडे रंगवलेली उंच पट्टी धरून उभा. त्या माणसाला खलाशी म्हणतात. दुर्बिणीतून आकडा वाचायचा, की जमिनीचा चढउतार कळतो. ती दुर्बीण सगळं उलटं दाखवते. माणूस दिसतो तो डोकं खाली, पाय वर. मोजणारानं आकडा वाचून हात हलवला, की खलाशानं पट्टी उचलून दुर्बिणीच्या पुढं जायचं, पुढची जागा धरायची. हात हलेपर्यंत त्यानं जागा सोडायची नाही. पाऊस येवो, साप येवो. आणि मोजणी जिथून धरली त्याच दगडावर आणून मिटवायची. मधेच सोडली तर सगळं काम पाण्यात.

चिंतामणरावांनी आपली जुनी दुर्बीण त्याला दिली. म्हणाले, "काकतीच्या पलीकडं तो फुटका बंधारा आहे, त्याच्यावर सराव कर. पण ऐक. उन्हं कलली की असशील तिथं काम सोडायचं. मोजणी मोडली तर मोडू दे."

"का वो, साहेब?"

"सोडायचं म्हणजे सोडायचं."

नागोजीला वाटलं, म्हातारा माणूस, अंधाराला भीत असेल.

साल एकोणीसशे सदतीस. सर्वपित्री अमावास्येची आदली संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी पुण्याची गाडी. त्या दिवशी नागोजीचं सगळं जुळून येत होतं, आकडे बरोबर, हात स्थिर. मष्णू पट्टी धरायला. दिवस मावळला तेव्हा सुरुवातीचा दगड अगदी टप्प्यात आला होता.

मष्णू म्हणाला, "नागोजी, घरला जाऊया रं. साहेब काय म्हनलेत?"

"एवढं मिटवतो रं. आज मिटलं तर पुण्यात कोन बी अडवत न्हाय मला. कंदील बांध पट्टीला."

उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! मष्णूनं पट्टीला कंदील बांधला आणि बंधाऱ्यावरून लांब जाऊन उभा राहिला. नागोजीनं दुर्बीण लावली. पिवळा उजेड दिसला. पट्टी दिसली. आकडा स्वच्छ दिसला. त्यानं वाचला, लिहिला आणि सवयीनं हात हलवला.

मग त्याला वाटलं... काहीतरी चुकलं.

पुन्हा डोळा लावला. माणूस उभा होता. डोक्याला मुंडासं. खाली पाय. डोकं वर... पाय खाली.

सुलटा.

दुर्बिणीत सुलटा.

नागोजीनं डोळे चोळले. काच पुसली. पुन्हा पाहिलं. झाडं उलटी. बंधारा उलटा. फक्त तो माणूस सरळ. त्याच्या अंगावरून पाणी गळत होतं. पाऊस नव्हता. बंधाऱ्यात थेंब नव्हता.

तेवढ्यात मागून खांद्यावर हात पडला.

"नागोजी... कंदील इझला रं. तेल सपलं. म्हनून मागनं आलो चढून."

मष्णू होता. पट्टी त्याच्या खांद्यावर. कंदील हातात, काळा.

दोघांनीही समोर पाहिलं.

उजेड तिथंच होता.

मष्णू मला सांगायचा, "भावकूआण्णा, मला वरडायचं हुतं. धोतराचा सोगा तोंडात कोंबला."

मग तो उजेड हलला. हात हलला होता ना... खलाशानं पुढची जागा धरायला निघायचं. तो निघाला. बंधाऱ्यावरून. त्यांच्याच दिशेनं. धावत नाही. सावकाश, मापानं.

दोघं बंधाऱ्याच्या उतारावर पालथे पडले. तोंड गवतात. उजेड जवळ आला आणि विझला. उरला नुसता आवाज. ओल्या पायांचा. फचक... फचक... मधे लाकूड दगडाला टेकल्याचा.

डोक्याशी थांबला.

थंड पाण्याचे थेंब नागोजीच्या मानेवर पडले.

किती वेळ... मष्णूला सांगता येत नसे. मग आवाज पुढं गेला. पुढं म्हणजे... काकतीकडं.

उजाडल्यावर दुर्बीण घेऊन दोघं चिंतामणरावांकडं गेले. म्हाताऱ्यानं सगळं ऐकलं. एकच विचारलं.

"हात तू हलवलास?"

"व्हय."

चिंतामणराव खाली बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. बंधारा बांधायचा होता तेव्हा रवळू नावाचा खलाशी त्यांच्या हाताखाली होता. एका संध्याकाळी त्याला पट्टी धरून उभं केलं आणि पाऊस आला. साहेब तंबूत पळाले. हात हलवायचा राहिला. कपडे बदलले, जेवले, झोपले... रवळूची आठवणच नाही. रात्री ओढा फुगला. रवळूनं जागा सोडली नाही.

"इतकी वर्षं तो माझ्या हाताची वाट बघत होता," ते म्हणाले. "तिकडं जायचा मला धीर झाला नाही. आता त्याला हात मिळाला. पण तो माझा नाही रे, पोरा. ज्यानं हात हलवला, त्याचा तो खलाशी." त्या रात्री म्हणे चिंतामणराव दार उघडं टाकून झोपले.

नागोजी पुण्याला गेला. परीक्षा. कॉलेजचं मैदान, भर दुपार, शिपाई पट्टी धरून उभा, भोवती माणसं. नागोजीनं सफाईनं दुर्बीण लावली आणि आकडा बरोबर वाचला. परीक्षक खूष झाले. म्हणाले, "शाब्बास. आता खूण करा, पुढं घ्या त्याला."

नागोजीनं दोन्ही हात काखेत दाबून धरले.

"खूण करा!"

तो दुर्बिणीतून डोळा काढेना आणि हात वर करेना. परीक्षकांनी पुन्हा सांगितलं, मग रागावले. शेवटी तो बाजूला झाला, टोपी घेतली आणि सरळ स्टेशनची वाट धरली. कॉलेजनं नाव कमी केलं. दुर्बिणीत काय दिसलं ते त्यानं आईलासुद्धा सांगितलं नाही. मष्णूला एवढंच म्हणाला, "आत्ता त्यो लांब हाय. हात केला तर म्होरं ईल."

मला त्याचं फार वाईट वाटतं. आता तो शेत करतो. भाऊबंद तोंडावर हसतात, हा ऐकून घेतो. बांधावरून कुणी हाक मारली तर मान हलवतो, हात उचलत नाही.

गेल्या वैशाखात मी काकतीला नागोजीच्या घरी मुक्कामाला होतो. विहिरी आटलेल्या, अंगणात धूळ. पहाटे उठलो तर गुणाबाई हातात फडकं घेऊन उंबऱ्यापाशी बसलेली. मी विचारलं, "काय सांडलं, आक्का?" ती बाजूला सरकली.

उंबऱ्याच्या दगडावर पट्टीच्या बुडाएवढा चौकोनी डाग होता. मी बोट लावून पाहिलं. ओला होता.