न विरघळलेली मासोळी

“आधी जाळी बाहेर काढू, मग होडी धुऊ,” राजलक्ष्मी म्हणाली. “रविवारच्या आत झाली पाहिजे ना?”

“झाली पाहिजे,” अमिता म्हणाली, पण जागची हलली नाही.

मे महिन्याच्या सुट्टीचा बेत काही वेगळाच होता. वर्गमैत्रीण राजलक्ष्मी कामोठ्याहून पंधरा दिवस करावे गावात राहायला येणार. आजा तिला, अमिताला आणि अमिताच्या धाकट्या भावाला, कल्पेशला, होडीतून खाडीत फिरवणार. पुढच्या फळीवर बोंबील उभा राहून बगळ्यांवर भुंकणार. बोंबील हा आजाचा कुत्रा. पिल्लू असताना इतका हडकुळा होता की दुसरं नाव कुणाला सुचलंच नाही. राजलक्ष्मी ठरल्यासारखी रविवारी आली, पण गुरुवारी बोंबील मेला आणि आजाने होडीच विकायला काढली. येत्या रविवारी उरणचा माणूस ती बघायला येणार होता.

बोंबीलला आपणच मारलं, असं आजा म्हणत होता. उंदीर जाळी कुरतडतात म्हणून त्याने सोमवारी खोपटात विषाच्या वड्या ठेवल्या होत्या. मंगळवारी बोंबील ओकायला लागला. गुरुवारी डॉक्टरकडे न्यायला रिक्षा दारात आली, तेव्हा त्याने मान टाकली होती. तेव्हापासून आजा ओट्यावर खाडीकडे पाठ करून बसायचा. सत्तर वर्षं ज्या पाण्यावर काढली, त्याच्याकडे तो बघतसुद्धा नव्हता.

“ताई, इकडे ये!” खोपटातून कल्पेश ओरडला.

जाळ्यांच्या ढिगाखाली विषाच्या निळ्या वड्या होत्या. एक, दोन, तीन, चार. एकीलाही दात लागलेला नव्हता.

अमिता धावत ओट्यावर गेली. “आजा, वड्या किती ठेवल्या होत्यास?”

आजाने मान वर केली नाही. “चार व्हत्या का पाच... मना नाय आठवत.”

“चार असतील! चारही तशाच आहेत!”

“आन पाच असल्या तं?” आजा म्हणाला. “जा बाय. मीच मारला त्याला.”

अमिताचं तोंड एवढंसं झालं. राजलक्ष्मीने तिचा हात धरून तिला होडीपाशी आणलं. राजलक्ष्मीचे वडील वाशीच्या बाजारात माथाडी. घरात सगळं सातारी आणि बोलणं रोखठोक. “कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली असंल. विष नसंल, तर दुसरं काहीतरी त्याच्या पोटात गेलं. ते शोधायचं.”

शोधायला फार लांब जावं लागलं नाही. होडीच्या तळाच्या फळ्या उचलल्या तर खाली, बोंबील आजारपणात निजायचा त्याच जागेखाली, फटीतून गळून वाळलेल्या ओकारीत एक पारदर्शक पट्टी चिकटली होती. बोटभर लांब, एका टोकाला फाटलेली, रबरासारखी ताणली जाणारी. तिच्यावर ओळीने पाच बारके फुगवटे होते.

“पिशवीचा तुकडा,” कल्पेश म्हणाला.

“पिशवीला फुगवटे असतात होय रे?” राजलक्ष्मीने पट्टी उन्हात धरली. “असे फुगवटे मी कुठंतरी बघितलेत.”

तिघांनीही बघितले होते. राजलक्ष्मी आली त्याच रविवारी जेट्टीवर एका संस्थेच्या सुधीर सरांनी मऊ यंत्रमासोळ्या दाखवल्या होत्या. त्या खाडीत पोहून पाण्याची तपासणी करणार होत्या. अंग जिलेटिनचं, आत हवेचे फुगे. हवा भरली की शेपटी वळते. “काम संपलं की तीन दिवसांत पाण्यात विरघळणार. कचरा शून्य! माशाने खाल्ली तरी चालेल, माणसाने खाल्ली तरी चालेल,” असं म्हणत सरांनी पेटीतली एक मासोळी चक्क चावून खाल्ली होती. मग दुसऱ्या पेटीतून प्रत्येक पोराला एकेक खेळायला दिली होती.

“माझी फ्रिजमध्ये आहे,” राजलक्ष्मी म्हणाली.

“माझी दप्तरात. ताई, तुझी कुठाय?”

“हरवली,” अमिता म्हणाली आणि फळ्या घासायला लागली.

त्याच दुपारी, सोमवारी, त्यांनी बरणीत खाडीचं पाणी आणि चिखल भरून कल्पेशची मासोळी त्यात सोडली. मंगळवारी ती बुळबुळीत झाली. बुधवारी तिचा आकार गेला. गुरुवारी पाणी गढूळ झालं होतं आणि मासोळी नव्हती.

“विरघळली की!” कल्पेश हिरमुसला.

राजलक्ष्मीने काडी घालून पाणी ढवळलं. काडीला काहीतरी अडकलं. तिने ते वर उचललं, तशी पाणी गळणारी एक पारदर्शक पट्टी लोंबायला लागली. दहा फुगवटे. होडीतली पट्टी शेजारी ठेवली तर ती तंतोतंत तशीच, पण निम्मी; उरलेली निम्मी बोंबीलच्या पोटातच अडकली होती.

“सापडलं!” कल्पेशने उडी मारली. “पण बोंबीलला मासोळी मिळाली कुठून?”

अमिताने बरणी आपल्याकडे ओढली.

“मी दिली,” ती म्हणाली. “सर म्हणाले ना, खाल्ली तरी चालते. त्याने दोन पायांवर उभं राहून मागितली. मी फेकली, त्याने वरच्या वर झेलली. मी टाळ्या वाजवल्या.” आणि ती रडायला लागली. कल्पेश नुसता तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

शनिवारी सुधीर सर पुन्हा जेट्टीवर होते. आज त्यांच्या वरिष्ठ मीना मॅडम आल्या होत्या, गावची मंडळीही जमली होती. सरांच्या बोलण्याची गाडी “कचरा शून्य”पर्यंत आली आणि राजलक्ष्मी पुढे झाली. तिच्या हातात बशी होती आणि बशीत फ्रिजमधली मासोळी.

“सर, त्या दिवशीसारखी खाऊन दाखवा ना,” ती अगदी गोड आवाजात म्हणाली. “ही तुमीच दिलीय.”

सर हसले. त्यांनी मासोळी उचलली, तोंडाजवळ नेली आणि हात तिथेच थांबला.

“काय झालं, सुधीर?” मीना मॅडमनी विचारलं.

“मॅडम, ही... नवीन पेटीतली आहे.”

“मग?”

अमिताने बरणीतली आणि होडीतली, दोन्ही पट्ट्या मॅडमच्या हातावर ठेवल्या. “मग ही राहते, मॅडम. चार दिवस खाडीच्या पाण्यात ठेवली तरी. आणि ही दुसरी आमच्या कुत्र्याने ओकली. तो मेला.”

सरांचा चेहरा पडला. हळूहळू सगळं बाहेर आलं. नुसत्या जिलेटिनची मासोळी खाडीत अर्ध्या तासात फाटायची. काम होईना, म्हणून सरांनी आतून रबराचा पातळ थर दिला. “केसाएवढाच होता. चांगलं, विरघळणारं अस्तर मिळालं की बदलणार होतो. बोलण्यातलं वाक्य तेवढं बदलायचं राहिलं.”

“तेवढंच राहिलं,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी तिथल्या तिथे चाचणी बंद केली. खाडीत सोडलेल्या चाळीसच्या चाळीस मासोळ्या गोळा करायला सांगितलं. मग मुलांकडे वळून म्हणाल्या, “प्रयोगशाळेत आमच्या लक्षात आलं नाही ते तुम्ही बरणीत दाखवलंत. शाबास!” मंडळींनी टाळ्या वाजवल्या. अमिताला ते टाळ्यांचे आवाज नकोसे झाले. गेल्या वेळी तिनेही वाजवल्या होत्या.

ती घराकडे निघाली. हे आपणच सांगायला हवं, हे तिला कळत होतं. सांगितलं नाही तर आजा जन्मभर त्या पाचव्या वडीचा हिशेब करत बसेल.

“आजा, विषानं नाय मेला तो,” ती ओट्याखाली उभी राहून म्हणाली. “मी दिलेल्या मासोळीनं मेला. माझ्या हातानं.”

तिने सगळं सांगितलं. मग त्याने तिला ओट्यावर ओढून शेजारी बसवलं.

“परक्याच्या हातचं कदी खाल्लान नाय त्यानं,” तो म्हणाला. “तुज्या हातचं म्हनून खाल्लान. तुना ठावं नव्हतं, त्याला बी ठावं नव्हतं. ज्याला ठावं व्हतं, त्यो बोलला नाय.” पहिल्यांदाच तो तिच्यादेखत रडला. दोघंही रडले.

मग आजाने डोळे पुसले आणि खाडीकडे तोंड केलं. “चाळीस सोडल्यात म्हनतेस? आमच्या पान्यात?”

रविवारी सकाळी उरणचा माणूस आला, तेव्हा किनाऱ्यावर होडी नव्हती. ती आत खाडीत होती. आजा वल्हवत होता, कल्पेश आणि राजलक्ष्मी हातजाळीने चिखलातल्या मासोळ्या आणि विरघळलेल्यांच्या पट्ट्या उचलत होते आणि अमिता त्या मोजून बादलीत टाकत होती.

“पुढं जाऊन बस बाय, तिथनं नीट दिसंल,” आजा म्हणाला.

अमिता उठली, पण पुढच्या फळीपर्यंत जाऊन थांबली. त्या फळीवर बोंबीलच्या नखांचे ओरखडे होते. होडी घासताना तिने तेवढे घासले नव्हते. ती फळीच्या अलीकडे, खालीच बसली.

आजाने ते पाहिलं आणि वल्हं पाण्यात घातलं.