परीक्षकाची माघार

तो पाऊण तास आधी पोचला, तिथेच घोळ झाला. वाचनालय उघडलं होतं, पण ग्रंथपाल मागच्या खोलीत होती. तो खिडकीजवळच्या टेबलाशी बसला. खुर्ची करकरली तशी समोरच्या बाईंनी मान वर केली. त्या टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेल्या. चार वर्षांत त्यांची नजर पार गेली होती. वाचून दाखवायला आलात ना, असं विचारत त्यांनी पुस्तक त्याच्यापुढे सरकवलं. त्याला नाही म्हणवलं नाही.

ग्रंथपाल बाहेर आली तेव्हा तो दुसऱ्या प्रकरणात होता. नोटीस वाचून आलेला स्वयंसेवक असेल, असं तिला वाटलं. ती दाराशी उभी राहून ऐकत राहिली... जरा जास्तच वेळ.

“आवाज चांगला आहे,” ती म्हणाली, “पण पळू नका. इथे कुणाला गाडी पकडायची नाहीये.”

त्याने पान संपवलं आणि मग कार्ड पुढे केलं. तो अनुदान देणाऱ्या संस्थेचा परीक्षक होता – तिच्याच अर्जाची पाहणी करायला आलेला. तिचे कान लाल झाले. ते न दिसल्यासारखं करून तो वहीत काहीतरी लिहीत बसला.

ज्यांना दिसत नाही, ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत, ज्यांची भाषा वेगळी आहे, त्या सगळ्यांना वाचनालयात येता यावं, असा तो अर्ज होता. दाराशी उतार, ऐकण्याची एक खोली, आणखी तीन भाषांतली पुस्तकं. आत्ता असे किती वाचक येतात, हे त्याला विचारावंच लागलं.

“जे आत येऊच शकत नाहीत, त्यांची नावं माझ्या रजिस्टरात कुठून असणार?” ती म्हणाली.

त्याने ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं.

दुसऱ्या खेपेला त्याने पायऱ्या मोजल्या. आठ दिवसांनी पुन्हा मोजायला आला. पायऱ्या आठ दिवसांत बदलत नाहीत, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी तिने मापाच्या टेपचं दुसरं टोक धरलं. टेप ताणलेली राहिली, आकडा कुणीच वाचला नाही.

चौथ्यांदा तो आला तो उभ्याउभ्याच. तिच्या अर्जाच्या पाहणीतून आपलं नाव काढायला त्याने संस्थेला कळवलं होतं. आता दुसरं कुणी येईल, निकाल दोन महिने लांबेल.

“आमचं काही चुकलं?”

“नाही. अर्ज चांगला आहे.” तो म्हणाला. “पण तो चांगला आहे म्हणून मी तसं म्हणतोय, की... दुसऱ्या कशामुळे, हे मला आता सांगता येत नाही.”

बाहेर ऊन आहे, जपून जा, एवढंच ती म्हणाली. तो गेल्यावर मात्र तिचा संताप झाला. तीन महिन्यांची मेहनत, आणि मध्येच या माणसाचं मन आडवं आलं. पुढच्या आठवड्यात तिच्या लक्षात आलं, की दार वाजलं की आपण मान वर करतो.

नवीन परीक्षक बाई काटेकोर होत्या. त्यांनी उतार आणि ऐकण्याची खोली मंजूर केली. पुस्तकं पुढच्या वर्षावर ढकलली. करारावर सही करायला ग्रंथपाल संस्थेच्या कचेरीत गेली. सही करून ती सरळ त्याच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

“निकाल लागला,” ती म्हणाली. “आता माझ्याशी बोलायला तुम्हाला नियमाची अडचण नाही ना?”

“नाही.”

“मला तुमचा फार राग आला होता.”

“येणारच.”

“तुम्ही मला आवडता, हे सांगायची दुसरी काही रीत नव्हती का?”

“होती,” तो म्हणाला. “पण मग तुमच्या उतारावर कुणीतरी बोट ठेवलं असतं.”

तिने समोरची खुर्ची ओढली आणि बसली.

“आता कुणी ठेवणार नाही,” ती म्हणाली. “आता नीट सांगा. आणि... पळू नका.”

त्याने हातातलं पेन खाली ठेवलं, आणि सावकाश सांगितलं.